शोकेसमधला किल्ला, फरशीवरचा किल्ला

२०१८ साली लेगो कंपनीने हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्स शाळेचे दोन संच बाजारात आणले. पहिल्यात ६,०२० तुकडे होते. तो जोडून झाला की ५८ सेंटिमीटर उंच आणि ६९ सेंटिमीटर रुंद असा अख्खा किल्ला समोर उभा राहतो. मनोरे, पूल, खालचा कडा, सगळं त्यात आहे. त्या किल्ल्यात वावरणारी माणसं मात्र नखाएवढी आहेत आणि त्यांचे हातपाय हलत नाहीत. दुसऱ्या संचात अवघे ८७८ तुकडे होते आणि किल्ल्याचा एकच भाग होता. जेवणाचं मोठं दालन, त्याला लागून एक मनोरा, मागची बाजू पूर्ण उघडी. पण यात हॅरी, हर्मायनी, डंबलडोर धरून दहा बाहुल्या होत्या. त्यांना लांब टेबलांशी बसवता येत होतं, गोल जिन्यावर उभं करता येत होतं आणि हवं तेव्हा त्यांच्या अंगावर महाकाय सर्प सोडता येत होता.

कंपनी एक, वर्ष एक आणि वास्तूही एकच. तरी पहिला संच पाहण्यासाठी होता आणि दुसरा खेळण्यासाठी. यातलं एकच काहीतरी निवडावं लागतं, असा समज खेळणी घेणाऱ्यांमध्ये आणि काही प्रमाणात खेळणी घडवणाऱ्यांमध्येही पक्का आहे. गेल्या शतकाहून अधिक काळातले उत्तम संच बारकाईने पाहिले तर हा समज टिकत नाही. खेळाची करामत आणि वस्तूचं रूप जिथे एकाच निर्णयातून आलं, तिथे दोन्ही साधलं आहे. जिथे एक आधी पुरं केलं आणि दुसरं वरून चिकटवलं, तिथे बहुतेक वेळा दोन्ही फसलं आहे.

ओढाताण खरीच आहे, आणि तिची सुरुवात हिशेबापासून होते. संचाची किंमत आधी ठरते, किमतीवरून तुकडे किती ते ठरतं, आणि आराखडा करणाऱ्याला तेवढ्यातच भागवावं लागतं. दरवाजा उघडण्याच्या यंत्रणेत वीस तुकडे गेले की खिडकीच्या कमानीसाठी वीस तुकडे कमी पडतात. दुसरी अडचण जागेची. लेगोच्या ठोकळ्यावरची दोन गोल बटणं एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर असतात, उभा ठोकळा ९.६ मिलिमीटरचा आणि पातळ पट्टी ३.२ मिलिमीटरची. कोणतीही भिंत, कोणतंही गिअर, कोणतीही बिजागरी याच मापांत बसवावी लागते. बाहेरून सुबक, निमुळता दिसणारा मनोरा आतून इतका अरुंद होतो की मुलाची दोन बोटं आत जात नाहीत. बोटं जावीत म्हणून तो रुंद केला तर बाहेरचा डौल जातो.

तिसरी अडचण मजबुतीची. शोकेसमधल्या वस्तूला गुरुत्वाकर्षण सांभाळलं की पुरे. खेळण्याला एका हाताने उचललं जाणं, खोलीभर फिरवलं जाणं, खुर्चीवरून पडणं, हे सगळं सोसावं लागतं. एकाच बटणावर तोललेलं नाजूक नक्षीकाम फोटोत छान दिसतं आणि मुलाने हात लावला की सोफ्याखाली जातं.

हा झगडा प्लास्टिकपेक्षा जुना आहे. जर्मनीत १८८० च्या दशकात रिश्टर कंपनीने दगडी ठोकळे विकायला सुरुवात केली. वाळू, खडू आणि जवसाचं तेल दाबून ते केलेले असत. विटेचा लाल, वालुकाश्माचा पिवळसर आणि पाटीच्या दगडाचा निळा असे त्यांचे तीनच रंग होते. त्यांची मूळ कल्पना ओटो आणि गुस्टाव लिलिएनथाल या भावांची. त्यातला ओटो पुढे ग्लायडरच्या उड्डाणांसाठी जगप्रसिद्ध झाला. या ठोकळ्यांना एकमेकांत अडकवायची सोय नव्हती, नुसत्या वजनावर ते रचायचे. त्यातून उभी राहणारी चर्चं आणि राजवाडे आजही देखणे वाटतात. त्यांच्यात हलत मात्र काहीच नाही, आणि धक्का लागला की सगळं कोसळतं.

लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली पेटंट घेतलेलं मेकॅनो नेमकं उलट होतं. भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या, नट, बोल्ट, चाकं, कप्प्या. त्यातून झालेली क्रेन खरोखर वजन उचलायची. पण ती क्रेनच्या सांगाड्यासारखीच दिसायची, कातडीविना. सुरुवातीच्या पट्ट्या धातूच्या रंगाच्या होत्या. १९२६ साली कंपनीने लाल आणि हिरवे भाग आणले आणि मेकॅनोला त्याची ओळखीची रंगसंगती मिळाली. यंत्रणा तीच, भोकंही तीच, फक्त रूपाकडे लक्ष गेलं होतं. भारतात ‘मेकॅनिक्स’ नावाचे अशाच धर्तीचे संच पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती आले. शाळकरी वयात त्यातला छोटा पाना हरवला म्हणून रडलेले आज पन्नाशीत असलेले अनेक इंजिनिअर महाराष्ट्रात सापडतील.

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या लेगोने २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात वर बटणं आणि पोटात पोकळ नळ्या होत्या. त्यामुळे ठोकळे घट्ट बसू लागले आणि तरी मुलाच्या बळाने सुटू लागले. रचना कोसळेल ही भीती गेली. मग प्रश्न आला तो मोजमापाचा. घर केवढं आणि गाडी केवढी? याचं उत्तर वीस वर्षांनी मिळालं. १९७८ साली येन्स न्यूगोर्ड क्नूडसेन यांनी रचलेली हातपाय हलणारी छोटी बाहुली आली. जेमतेम चार सेंटिमीटरची, पिवळ्या तोंडाची, दोन ठिपके आणि एक हसू एवढाच चेहरा. १९८९ च्या समुद्री चाच्यांपर्यंत तिच्या चेहऱ्यावर दुसरा भाव आला नाही, आणि मुलांचं काही अडलं नाही. रागावलेला राजा आणि घाबरलेला चोर एकाच हसऱ्या तोंडाने निभावून न्यायचे. पुढच्या सगळ्या संचांचं माप या बाहुलीने ठरवलं. दार तिच्या उंचीचं, गाडी तिला बसता येईल एवढी, खोली तिला उभं करता येईल एवढी.

१९७८ मध्येच आलेला लेगोचा पिवळा किल्ला या सगळ्या प्रश्नाचा उत्तम धडा आहे. तुकडे ७६७, बाहुल्या १४. रंग तटापासून बुरुजापर्यंत पिवळाजर्द, कुठल्याही खऱ्या किल्ल्याशी न जुळणारा. घोडेसुद्धा ठोकळेच जोडून केलेले, चौकोनी मानेचे. साच्यातून काढलेला घोडा यायला १९८४ उजाडलं. हुबेहूबपणाच्या कसोटीवर हा किल्ला नापास होईल. पण त्याच्या भिंती बिजागऱ्यांवर होत्या. मिटलेला असताना तो चारी बाजूंनी बंद गड दिसायचा, उघडला की आतलं अंगण मुलाच्या पुढ्यात यायचं. दाराशी वर-खाली होणारा पूल होता. म्हणजे गडाचा जो मूळ गुण, बंद होणं आणि शत्रूला बाहेर ठेवणं, तोच इथे खेळ झाला होता. पूल उचलला की किल्ला जास्त किल्ल्यासारखा दिसायचा आणि त्याच क्षणी गोष्टही सुरू व्हायची.

कंपनीला नव्वद वर्षं झाली तेव्हा, २०२२ साली, या परंपरेतला मोठा किल्ला आला. ४,५१४ तुकडे, २२ बाहुल्या. राखाडी दगडी भिंती, झिजलेल्या दगडांचा भास देणारे पुढे-मागे सरकवलेले ठोकळे, पाणचक्की, राजाचं दालन, कैदखाना, जंगलातल्या बंडखोरांची लपायची जागा. तो मोठ्यांसाठी म्हणून विकला गेला. त्याच्या रचनेचा गाभा मात्र १९७८ चाच आहे. तोही बिजागऱ्यांवर उघडतो. मिटला की शोकेसमध्ये ठेवावा असा, उघडला की आत दहा हात घालता येतील असा. एवढे तुकडे वाढूनही मूळ युक्ती बदलावी लागली नाही, यातच तिचं मोल आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न दिवाळीच्या किल्ल्यावरून चटकन कळेल. दगड-विटा रचून, पोतं पसरून, वर चिखल थापून, अळीव पेरून मुलं किल्ला करतात. शिखरावर सिंहासनावर महाराज, पायऱ्यापायऱ्यांवर मावळे. अलीकडे स्पर्धांमुळे राजगडाची किंवा प्रतापगडाची हुबेहूब प्रतिकृती करण्याकडे ओढा वाढला आहे. माची, बुरुज, चोरवाटा नकाशावरून मोजून केल्या जातात, आणि त्यातून मुलं भूगोल आणि इतिहास शिकतात हे खरं. पण परीक्षक येऊन जाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असा दंडक आला की मावळे आठवडाभर एकाच जागी उभे राहतात. रोज संध्याकाळी ज्या किल्ल्यावरची फौज हलते, तो किल्ला ओबडधोबड असला तरी जास्त जिवंत असतो. दोन्ही हवं असेल तर मोठ्यांनी प्रतिकृतीची मापं सांभाळावीत आणि मावळे मुलांच्या ताब्यात द्यावेत.

लेगोच्या बाहुलीवरून मोठा वाद २०१२ मध्ये झाला. लेगोने मुलींसाठी म्हणून ‘फ्रेंड्स’ ही मालिका आणली आणि तिच्यासाठी वेगळी बाहुली घडवली. ही बाहुली सडपातळ होती. तिला नाक-डोळे रेखीव होते, केस आणि कपडे नजाकतीचे होते. पण तिचे दोन्ही पाय एकत्रच हलतात आणि मनगट फिरत नाही. जुन्या ठेंगण्या बाहुलीचे पाय वेगवेगळे हलतात आणि हातातला कप आडवा-उभा करता येतो. रूपासाठी खेळ कसा आखडतो, याचं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. मुलींना वेगळ्या रंगांत आणि वेगळ्या कप्प्यात टाकल्याबद्दल तेव्हा कडक टीका झाली, आणि ती रास्त होती.

याच मालिकेत एक फार शहाणपणाची गोष्टही होती, तिच्याकडे मात्र कमी लक्ष गेलं. संचातल्या पिशव्या अशा भरल्या होत्या की सगळं बांधून व्हायची वाट न पाहता मध्येच खेळ सुरू करता यावा. एक खोली झाली की बाहुली तिथे राहायला जाऊ शकते, छप्पर नंतर येईल. बांधणं आधी आणि खेळणं नंतर हा क्रम मोठ्यांच्या डोक्यातला आहे. मूल बांधता बांधता खेळतं, खेळता खेळता मोडतं आणि पुन्हा बांधतं. ज्याने हे ओळखून पिशव्या भरल्या, त्याला मुलं कळली होती.

लेगोचा जर्मन शेजारी प्लेमोबिल याच प्रश्नाला वेगळं उत्तर देतो. १९७४ साली हान्स बेक यांच्या साडेसात सेंटिमीटरच्या बाहुल्या आल्या. तिथे बांधणी नावापुरतीच, वस्तू जवळजवळ तयार मिळतात आणि सगळा भर बाहुल्यांच्या गोष्टीवर. दुसऱ्या टोकाला जपानच्या कावादा कंपनीचे नॅनोब्लॉक आहेत. सगळ्यात लहान ठोकळा ४ मिलिमीटर रुंद. मंदिरं, पक्षी, रेल्वे इंजिनं, सगळं तळहातावर मावेल एवढं आणि केवळ पाहण्यासाठी. दोन्ही आपापल्या जागी प्रामाणिक आहेत, कारण आपण काय देत नाही हे ते लपवत नाहीत.

गोंधळ होतो तो मधल्या पट्ट्यात, आणि त्याचा मोठा भाग चित्रपटांवरून केलेल्या संचांत दिसतो. लेगोने १९९९ मध्ये परवाना घेऊन केलेले ‘स्टार वॉर्स’चे संच बाजारात आणले. तोवर अंतराळयान कसं दिसावं हे कंपनीच ठरवत होती. आता पडद्यावरच्या यानाशी तुलना होऊ लागली. २००० पासून संग्राहकांसाठी वेगळी मोठी मालिका सुरू झाली आणि वाट दुभंगली. मिलेनियम फाल्कन हे एकच यान घेतलं तरी पुरे. २०१७ च्या मोठ्या फाल्कनमध्ये ७,५४१ तुकडे आहेत. तो ८४ सेंटिमीटर लांब आहे आणि त्याच्या पृष्ठभागावरची नळ्या-खटक्यांची गर्दी पाहत राहावी अशी आहे. पण तो एका हाताने उचलून खोलीभर ‘उडवणं’ कुणालाच शक्य नाही. २०१९ चा मुलांसाठीचा फाल्कन १,३५१ तुकड्यांचा. त्याची वरची पाती बाहेरच्या बाजूने उघडतात आणि आतली सगळी जागा खुली होते. पाती मिटल्यावर त्यांच्यामध्ये फटी दिसतात, गोलाई तेवढी नितळ राहत नाही. २०२४ मध्ये ९२१ तुकड्यांचा तिसरा आला, स्टँडवर ठेवायचा, बाहुल्या नसलेला. तिन्हींत मुलांचा फाल्कनच सरस वाटतो. त्याच्या फटी उघडण्यासाठी आहेत, आणि फट का आहे हे कळलं की ती डोळ्यांना खुपत नाही.

खुपतात त्या बळंच बसवलेल्या बंदुका. बटण दाबलं की प्लास्टिकची कांडी किंवा गोल चकती उडवणारे छोटे भाग २०१४ च्या सुमारास मुलांच्या बहुतेक यानांवर दिसू लागले. खोक्यावर ‘गोळी झाडता येते’ असं दाखवता येतं म्हणून ते पंखाखाली लावले जातात. यानाच्या घाटात त्यांची जागा नसते, म्हणून ते ठळकपणे उपरे दिसतात. उडालेली कांडी दोन दिवसांत हरवते आणि मग नुसती रिकामी नळी लटकत राहते. याच्या उलट ‘स्टार वॉर्स’मधल्याच एक्स-विंग यानाचे पंख पाहा. चित्रपटात ते लढाईआधी उघडतात, आणि संचांतही ते उघडणं हाच मुख्य खेळ असतो. पंख उघडले की यानाचं रूप बदलतं आणि मुलाच्या डोक्यातला प्रसंगही बदलतो. अशी यंत्रणा आराखड्यात पहिल्या दिवसापासून असावी लागते, नंतर बसवता येत नाही.

गाड्यांमध्ये हीच ओढाताण मोजून दाखवता येते. ‘स्पीड चॅम्पियन्स’ या मालिकेतल्या गाड्या २०१५ मध्ये सहा बटणं रुंद होत्या. २०२० पासून त्या आठ बटणं रुंद झाल्या. या दोन बटणांमुळे, म्हणजे जेमतेम १६ मिलिमीटरमुळे, बॉनेटचे उतार, दिव्यांचे आकार आणि चाकांवरच्या कमानी खऱ्या गाडीच्या जवळ गेल्या, आणि दोन बाहुल्या शेजारी शेजारी बसू लागल्या. तोटा एवढाच की लेगोच्याच शहरातल्या इतर गाड्यांशेजारी त्या अवाढव्य वाटतात. ज्याच्याकडे रस्ता, पोलीस आणि पेट्रोलपंप असा पसारा आहे, त्या मुलाला हे जाणवतं. कपाटावर रांगेने गाड्या लावणाऱ्याला जाणवत नाही.

‘टेक्निक’ मालिकेचा प्रवास जास्त बोलका आहे. १९७७ च्या पहिल्या मोठ्या गाडीला अंगच नव्हतं. नुसती चेसिस. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळायची, गाडी ढकलली की इंजिनातले दट्टे वर-खाली व्हायचे, आणि हे सगळं उघड्यावर. यंत्र हेच तिचं सौंदर्य होतं. पुढे वर बटणं नसलेले गुळगुळीत दांडे आले, वक्र पत्रे आले, मोटार कंपन्यांचे परवाने आले. २०१६ च्या २,७०४ तुकड्यांच्या पोर्शेमध्ये कौतुकाने बांधलेला गिअरबॉक्स आहे. बॉडी चढवली की तो जवळजवळ दिसेनासा होतो. सूचनांप्रमाणे बांधल्यावर गिअरचा क्रमच चुकतो, हेही जाणकार हौशी बांधणाऱ्यांनीच शोधून काढलं. जी यंत्रणा दिसत नाही, तिची चूकही पटकन दिसत नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाला गिअर म्हणजे काय हे समजावं अशी इच्छा असेल तर ती १९७७ ची उघडी चेसिस अजूनही वरचढ आहे.

रूपाकडे पाठ फिरवूनही खेळ वाढत नाही, हे लेगोला महागात पडून कळलं. २००१ च्या ‘जॅक स्टोन’ संचांत मोठमोठे तयार भाग होते, चार-पाच जोडण्यांत गाडी तयार. मुलांना लवकर खेळता यावं हा हेतू. पण बांधायलाच काही उरलं नाही आणि गाड्याही अनाकर्षक झाल्या. त्याच काळात नव्या साच्यांचा सुळसुळाट झाला, २००३ मध्ये कंपनी मोठ्या तोट्यात गेली, २००४ मध्ये यॉर्गन व्हिग क्नूडस्टॉर्प यांनी सूत्रं घेतली आणि वेगवेगळ्या भागांची संख्या निम्म्याच्या आसपास आणली. संकटाची कारणं अनेक होती, त्यातलं हे एक. पण नंतरच्या ‘सिटी’ मालिकेत अग्निशमन गाडी पुन्हा अग्निशमन गाडीसारखी दिसू लागली, ठोकळ्यांतूनच.

मोठ्या माणसांचा बाजार तेव्हापासून वाढत गेला. २०२० मध्ये १८ वर्षांवरच्यांसाठी काळी खोकी आली. त्याआधी २००७ मध्ये जेमी बेरार्ड यांनी आखलेली कोपऱ्यावरच्या कॅफेची इमारत आली होती. २,०५६ तुकडे, दर्शनी भाग अप्रतिम, मजले एकेक करून उचलता येणारे, आणि आत काही नाही. मजला उचलायची सोय आहे, मग आत पाहायला काहीतरी हवं, हे उघड होतं. पुढच्याच वर्षीच्या किराणा दुकानात आतली सजावट आली आणि तेव्हापासून अशा इमारतींच्या मालिकेतली इमारत रिकामी राहिलेली नाही. अशा इमारतींची फरशी नीट पाहिली तर एक बारीक गोष्ट दिसते. जवळजवळ सगळी जमीन गुळगुळीत फरश्यांनी मढवलेली असते, पण अधूनमधून एखादं बटण मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. बाहुलीचे पाय रोवायला. डोळ्यांना ते टोचत नाही, आणि बाहुली पडत नाही. समतोल म्हणतात तो असा एका बटणाचा असतो.

केवळ पाहण्यासाठी असलेल्या संचांतही हालचाल लागते, हे अलीकडच्या मोठ्या संचांनी दाखवलं आहे. २०२१ चं टायटॅनिक ९,०९० तुकड्यांचं, १३५ सेंटिमीटर लांब. ते तीन भागांत सुटतं आणि आतले मजले दिसतात. मागचे पंखे फिरवले की इंजिनाचे दट्टे हलतात. त्याच वर्षीच्या टाइपरायटरमध्ये २,०७९ तुकडे. कळ दाबली की आतला दांडा उठतो आणि वरचा गाडा एक पाऊल सरकतो. अक्षर उमटत नाही, पण टाइपरायटर म्हणजे काय ते बोटांना कळतं. २०२० च्या पियानोला २५ पट्ट्या आहेत आणि पट्टी दाबली की आतली हातोडी उठते. कुणी याला खेळ म्हणणार नाही. पण हा खेळातूनच शिकलेला धडा आहे. वस्तू जे काम करते ते दाखवलं की तिचं रूपही खरं वाटतं.

काही ठिकाणी खेळण्यांचे सुटे भाग रूपाच्या कामी आले. २०२१ च्या बोन्साय झाडावरचा गुलाबी बहर पाकळ्यांचा नाही, छोट्या गुलाबी बेडकांचा आहे. हे पहिल्यांदा ध्यानात येतं तेव्हा होणारा आनंद निखळ खेळाचा असतो. काही ठिकाणी मात्र रूपाचा मोह नडला. वॉल-ई या चित्रपटातल्या यंत्रमानवाच्या २०१५ च्या संचात डोकं जड आणि मान सैल होती. ती एका बाजूला कलायची. कंपनीला मान नव्याने आखावी लागली. जे हलायला हवं ते हलूनही जागेवर राहिलं पाहिजे, हा साधा नियम डोळ्यांच्या त्या गोंडस जोडीपुढे मागे पडला होता.

भारतातल्या एका वास्तूची गोष्ट इथे सांगायला हवी. लेगोचा पहिला ताजमहाल २००८ मध्ये आला, ५,९२२ तुकड्यांचा, त्या वेळचा कंपनीचा तुकड्यांच्या संख्येने सर्वांत मोठा संच. २०१७ मध्ये तो पुन्हा काढला गेला. २०२१ च्या छोट्या ताजमहालात २,०२२ तुकडे आहेत, आणि त्याच्या पोटात मुमताजमहल आणि शाहजहान यांच्या कबरींचं तळघर आहे. बाहेरून ते दिसत नाही. घुमटाखाली जाऊन पाहावं लागतं. बाहुली नाही, खटका नाही, तरी उघडून पाहण्याचं कुतूहल त्यात आहे. आपल्याकडे अडचण किमतीची. आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. एवढं मोजून आणलेला संच आई-बाबा मुलाच्या हाती मोकळेपणाने देत नाहीत. खेळणं म्हणून घेतलेली वस्तू मग काचेआड जाते, आणि आराखडा करणाऱ्याने साधलेला समतोल घरी मोडतो.

या सगळ्याला एक फुकटात मिळणारं उत्तर महाराष्ट्राच्या ओळखीचं आहे. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन सांधे केले. गुल खरवडून काढलेल्या दोन काड्या नळीच्या तुकड्यात दोन्हीकडून खुपसायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण केला की तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन केला की लगेच कलंडतो. त्यातून मग घर, पूल, मनोरा. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत हजारो मुलांनी हे हातांनी करून पाहिलं. २०१८ मध्ये गुप्ता यांना पद्मश्री मिळाली. या काड्यांच्या घराला भिंत नाही, रंग नाही. पण त्याचा त्रिकोणी सांगाडा तोलदार आणि देखणा दिसतो, कारण जे त्याला उभं ठेवतं तेच दिसतं.

हाच निकष मोठ्या कंपन्यांच्या संचांनाही लावावा. पिवळ्या किल्ल्याचा पूल, फाल्कनची उघडणारी पाती, टाइपरायटरचा सरकणारा गाडा आणि टायटॅनिकचे दट्टे त्यात पुरे उतरतात. पंखाखालच्या बंदुका, बॉडीखाली गडप झालेला गिअरबॉक्स आणि मनगट न फिरणारी बाहुली उतरत नाहीत. तुकड्यांची संख्या, वयाचा आकडा, परवान्याचं नाव, यांतलं काहीच संच चांगला की वाईट हे सांगत नाही.

दिवाळीच्या किंवा वाढदिवसाच्या खरेदीला जाल तेव्हा खोक्याच्या पुढच्या बाजूवर थांबू नका. मागची बाजू पाहा. काय उघडतं, काय फिरतं, काय हलतं, हे तिथे छापलेलं असतं. ते वस्तूच्या स्वभावातलं वाटलं तर संच घ्या. आणि घरी आणल्यावर तो निदान महिनाभर तरी शोकेसमध्ये ठेवू नका.